जिवाणी

नर्सनं पिवळ्या जेलीच्या खळग्यात
भूपालदादाच्या पोटाचा
तांदळाच्या कणीएवढा तुकडा ठेवला
आणि म्हणाली, थांबा इथंच, रंग बघू.

वीस मिनिटांत पिवळ्याचं गुलाबी झालं.
मला हसू आलं, मग लाज वाटली.
हळदीच्या गावची मी, हरिपूरची.
हळदीला चुना लागला की काय होतं
हे मला मिरजेच्या दवाखान्यानं सांगायला नको.
आई असंच कुंकू करायची घरी,
आप्पा गेले त्या वर्षापर्यंत.

डॉक्टर मुजावरबाई म्हणाल्या, जंतू आहे.
मळसूत्रासारखा पिळाचा,
आम्लातसुद्धा घर करून राहणारा.
लहानपणी कधीतरी शिरलेला,
एका ताटातून, एका तांब्यातून.

एका तांब्यातून.
आमच्याकडं पाणी गाळल्याशिवाय कुणी घोट घेत नसे.
दुहेरी फडकं घागरीवर ताणलेलं,
आणि गाळून उरलं ते, जिवाणी,
पुन्हा त्याच विहिरीत सोडायचं.
वरून ओतायचं नाही, जिवांना मार लागतो;
बादली पाण्याला टेकली की मग कलती करायची.
आई तेव्हा श्वास धरायची.
तिच्या फडक्याच्या दोऱ्यांमधून
हा आरामात आत आला असणार,
सहा जणांच्या सहा पोटांत.

मग मला का काही नाही?
माझ्यातही तो आहे, तपासलंय.
वहिनीतही आहे, ती तर अथणीची,
शिळ्या भाकरीवर ठेचा खाऊन खडखडीत.

बाईंनी चष्मा काढला.
जंतू तोच असतो हो, पोटं वेगळी.
कुणाचं पोट त्याला भाडेकरू समजून सोडून देतं,
कुणाचं रोज उठून त्याच्याशी भांडतं,
इतकं, की भिंती आपल्याच झिजतात.
हा भांडकुदळपणा पुष्कळदा रक्तातून येतो.
लांबलचक मजकुरात कुठंतरी
एखादं अक्षर वेगळं.
तुमचे वडील कशानं गेले?

पोटानं. चौऱ्याण्णव साली.
आम्ही म्हणायचो, पेवात उतरून उतरून झालं.
आजोबांचं म्हणायचो, तंबाखू.
थोरल्या आत्याचं, नशीब.
प्रत्येकाच्या मरणाला एकेक डबा केला होता,
सगळ्यांची झाकणं एकदम कुणी उघडली नव्हती.

पेव म्हणजे पंचवीस फूट काळोख,
तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं.
वर माती लिंपली की हळद आत तशीच, वर्षानुवर्षं,
किडा नाही, कोंब नाही,
कधी भरलं ते धन्यालाही आठवत नसे.
उघडल्यावर आप्पा लगेच उतरत नसत.
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचे.
ज्योत विझली, तर आज नाही.

दादाला चौदा दिवसांच्या गोळ्या.
सकाळी, आणि दिवस मावळायच्या आत,
कारण रात्री तो अजून तोंडात काही घालत नाही.
आठव्या दिवशी म्हणाला, पद्मे,
एवढे जीव मारतोय, यांची जिवाणी
मी कुठल्या विहिरीत सोडू?
मी म्हटलं, गप गीळ.
पण झोप लागली नाही मला.

सन्मती एकोणीस वर्षांचा, दादाचा एकुलता.
भडंगावर हिरवी मिरची चावून खातो,
म्हणतो, आत्या, मला काय धाड भरलीय.
रागावला की कपाळावर फुगते
ती शीर आप्पांची.
सोमवारी मिरजेला चल म्हटलं,
तर मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, बघू.

बसच्या वेळा मी लिहून ठेवल्यात.
दोरी लांब हवी, आप्पा म्हणायचे,
आणि हात स्थिर.
कंदील सोडताना तोंडावर वाकायचं नाही,
बाजूला उभं राहून
नुसतं बघायचं.